निळ्या चौकडीचा फ्रॉक

आई, तुमची गोधडी आज उसवायला घेतली. निम्मी झाली आहे, निम्मी जेवणाच्या टेबलावर पसरलेली आहे, त्यामुळे दुपारी मी आणि लेक ओट्यापाशी उभ्यानेच जेवलो. तुम्ही गेलात त्याला अठरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं कधी मनात आलं नाही, खोटं कशाला बोलू. तुम्ही होतात तेव्हा तरी आपण सासू-सुना कुठे फार बोलत होतो? दूध आलं का, आलं. भाजी काय करू, कर काहीही. असंच आपलं चालायचं. पण आज गोधडीच्या आतून जे निघालं ते बघितल्यापासून मला स्वस्थ बसवेना. लेक आत फोनवर बोलते आहे, तिच्याच वहीतली चार पानं फाडून घेतली आहेत. फाडली म्हणून रागावू नका, कागद काही उसवता येत नाही. मला त्या गाठोड्याबद्दल सांगायचं आहे, बाबांच्या शर्टांच्या, जे मी बोहारणीला दिलं. तेव्हा मी तुम्हाला जे सांगितलं ते खरं नव्हतं. एवढं एक निस्तरायचं राहिलं आहे.

गोधडी उसवायचं कारण आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी पुन्हा तेच करायला निघाले. तुमच्या नातीला तिचं जॅकेट करायचं आहे. हसू नका. गोधडीची जॅकेटं घालून मुली हल्ली ऑफिसला जातात. आपल्या इथे गंगापूर रोडला एका कॅफेत दर रविवारी वर्ग भरतो, जुन्या कपड्यांतून नवं काही करायचं शिकवतात, आणि ही फी भरून तिथे जाते. पहिल्या रविवारी घरी आली तीच डोळे मोठे करून. म्हणे, 'आई, विरलेली चादर टाकायची नाही. मधोमध उभी कापायची आणि कडा आत घेऊन जोडायच्या. विरलेलं कडेला जातं, धट्टंकट्टं मधे येतं. किती हुशारी आहे ना?' मी म्हटलं, 'बये, तशाच चादरीवर झोपून तू मोठी झालीस. मधली शिवण पाठीला टोचते म्हणून रोज रडायचीस.' तर म्हणते, 'हो का? मग तू का नाही करत असं?'

मग तिला माळ्यावरची गोधडी आठवली. मी साफ नाही म्हटलं. आजीच्या हातची शेवटची वस्तू, तिला कात्री लावायची? दोन दिवस आमची धुसफूस चालली. तुमचा मुलगा नेहमीप्रमाणे पेपरात तोंड घालून बसला. शेवटी लेक म्हणाली, 'आई, आजी असती ना, तर तिनेच कात्री काढून दिली असती. तू माळ्यावर ठेवून काय केलंस तिचं? एकदा तरी अंगावर घेतलीस?' नव्हती घेतली. नाशिकची थंडी काय असते ते तुम्हाला सांगायला नको, पण अठरा हिवाळे मी विकतच्या ब्लँकेटमध्ये काढले. का, ते पुढे येईलच. मी मुकाट्याने स्टूल आणलं आणि गोधडी खाली काढली.

सिडकोतल्या आपल्या त्या दोन खोल्या आठवतात. बाहेरच्या खोलीत दाराला लागून तुमचं पायाचं मशीन, कारण तिथे उजेड. दार उघडलं की मशीनवर आदळायचं, म्हणून येणारा प्रत्येक पाहुणा तिरका होऊन आत शिरायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, हे मशीन म्हणजे सासूबाईंचा दुपारचा विरंगुळा असेल. आठ दिवसांत कळलं की या घरात कापड म्हातारं होतं पण मरत नाही. बाबांच्या पँटचा गुडघा गेला की तिची बाजाराची पिशवी. तुमचं लुगडं विरलं की परकर, परकर विरला की दुपटी, दुपटी विरली की तवा धरायचं फडकं. शर्टची कॉलर झिजली की तुम्ही ती सोडवून उलटी बसवायचात आणि बाबा त्या शर्टात सातपूरच्या कारखान्यात आणखी दोन वर्षं काढायचे. सायखेड्याच्या शेतात वाढलेल्या तुम्ही, मी शहरातली, मास्तरांची मुलगी. माझ्या माहेरी कपडा जुना झाला की मोलकरणीला द्यायची पद्धत होती आणि त्याचा आम्हाला थोडा तोराही होता. तुमचं ते उलटं-सुलटं करणं मला चिक्कूपणाचं वाटायचं. तोंडावर बोलले नाही, पण वाटायचं.

तुमची पहिली बोलणी मी खाल्ली ती याच पायी. लादी पुसायला फडकं हवं होतं, मी माझा एक जुना परकर घेतला, दातांनी कडेला चीर पाडली आणि टर्रकन फाडला. तो आवाज ऐकून तुम्ही कणकेच्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आलात. मला वाटलं काही सांडलं-लवंडलं की काय. तुम्ही तो परकर उचललात, फाटलेली कड बोटांनी चाचपलीत आणि म्हणालात, 'पोरी, फाडायचं नाय. उसवायचं. फाडलेलं कापड दुखावतं, मग ते कुठं बी नीट बसत नाय. उसवलेलं परत कामाला येतं.' आवाज चढवला नव्हतात तरी मला इतका राग आला होता. पुसायच्या फडक्याला कसलं दुखणं. त्या रात्री मी तुमच्या मुलाला म्हटलं, तुमच्या आईला माझ्यापेक्षा परकराची काळजी जास्त. तो म्हणाला, झोप आता. लग्नानंतरची पस्तीस वर्षं तो हेच म्हणत आलाय.

पण दुपारच्या सुया मला आवडायच्या, हे कबूल करते. मी सकाळच्या शाळेत शिकवायचे, एकला घरी यायचे. जेवणं झाली की तुम्ही ती लाल उशी पुढे करायचात, सहा सुया टोचलेली. तुम्हाला जवळचं दिसत नव्हतं आणि चष्म्याचा नंबर वाढला हे मान्य करायचं नव्हतं. मी सहाही सुया ओवून द्यायचे, पांढरा, काळा, खाकी, निळा, आणि दोन तुम्ही सांगाल त्या रंगाच्या. त्या दिवसभर पुरायच्या. मशीन काही सगळ्याला चालत नाही, हातशिवण बरीच असते, हे मला तेव्हा कळलं. सुया ओवता ओवता तुम्ही मला कायकाय दाखवायचात. एकदा बाबांच्या निळ्या चौकडीच्या शर्टाचा खिसा उसवून दाखवलात. सगळा शर्ट उन्हाने, धुण्याने फिका पडलेला आणि खिशाखाली बरोबर एक चौकोन, दुकानातून आणल्यासारखा निळागर्द. 'बघ,' तुम्ही म्हणालात, 'इथं ऊन पोचलं नाय. मूळ रंग हा व्हता.' मी त्या चौकोनावर बोट फिरवलं होतं. आपल्या दोघींत त्या दहा मिनिटांपुरतं बरं चालायचं.

मग बाबा गेले. सकाळी कामावर जायला निघाले, मशीनला तिरके होऊन दारातून बाहेर पडले आणि जिन्यात बसले ते उठलेच नाहीत. आपल्या इथल्या गंगेवरचे सगळे विधी झाले, तेराव्याला सायखेड्याहून आलेल्या तुमच्या थोरल्या बहिणीने विषय काढला. मेलेल्या माणसाचं कापड घरात ठेवू नये, आजच्या आज देऊन टाका. तुम्ही कोट दिलात, चपला दिल्यात, स्वेटर दिलात. पाच शर्ट मात्र ट्रंकेत ठेवलेत. बहीण बोलत राहिली तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, 'माणूस ठेवता आला नाय. कापड बी नको ठेवू का?' मग तिने तो विषय सोडला. पण आई, मला भीती वाटली होती. शिकलेली, शाळेत मुलांना शिकवणारी बाई मी, तरी ती ट्रंक ज्या भिंतीला होती तिकडे लेकीला झोपवायचे नाही. हे तुम्हाला कळलं होतं का माहीत नाही.

वर्षभर तुम्ही त्या शर्टांना हात लावला नाहीत. वर्षश्राद्ध झाल्यावर एक दिवस मी शाळेतून आले तर तुम्ही दारात बसून शर्ट उसवत होतात. महिनाभर हेच चाललं. बाह्या वेगळ्या, पाठ वेगळी, कॉलर वेगळी. सगळं धुऊन, इस्त्री करून, घड्या घालून तुमच्या एका जुन्या लुगड्यात बांधून ठेवलंत. निळ्या चौकडीच्या शर्टाचा पुढचा भाग तेवढा बाहेर ठेवला होता. 'पोरीला सहावं लागंल आता. वाढदिवसाला फ्रॉक करते. ह्यांच्या शर्टाचा.' पोरगी लगेच टाळ्या वाजवायला लागली. गेलेल्या माणसाचं कापड, आणि ते माझ्या लेकराच्या अंगावर? त्यात मागच्याच महिन्यात आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एक बाई लेकीच्या परकराची कड उलटून बघत म्हणाल्या होत्या, 'घरी शिवलाय वाटतं? आजीच्या लुगड्याचा का? काटकसर बाकी शिकावी तुमच्याकडून.' सगळ्या हसल्या. मी पण हसले, आणि घरी येईपर्यंत तळपायाची आग मस्तकात गेली होती. राग त्या बाईंचा यायला हवा होता, तो आला तुमचा.

चैत्रात तुम्ही बहिणीबरोबर वणीला गेलात, गडावर, दोन दिवसांसाठी. दुसऱ्या दिवशी दुपारी आपल्या गल्लीतली नेहमीची बोहारीण आली. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत जुन्या कपड्यांचं ओझं. मी तिला हाक मारली. माझे दोन ड्रेस दिले, तुमच्या मुलाची पँट दिली, आणि वर ते गाठोडं ठेवलं. तिने लुगड्याची गाठ सोडली आणि थबकली. ती रोज शेकड्याने कपडे हाताळणारी बाई, तिला काय कळायचं राहतंय. म्हणाली, 'ताई, हे तर उसवून, धुऊन, इस्त्री करून ठेवलंय. घरात कोणी शिवणारं दिसतंय. विचारून देताय ना?' मी म्हटलं, 'आता घरात शिवणारं कोणी नाही. तुम्ही तो डबा द्या.' माझंच वाक्य माझ्या कानाला कसंसंच लागलं, कारण असं आपण माणूस गेल्यावर म्हणतो, हे मला ठाऊक होतं. बोहारणीलाही तोच अर्थ लागला असणार. तिने जास्त घासाघीस केली नाही. झाकणाचा मोठा स्टीलचा डबा दिला आणि पाटी डोक्यावर चढवून गेली.

तुम्ही आलात. कपाळाला देवीचा अंगारा, हातात लेकीसाठी पेढे. पाणी प्यायलात, मशीनपाशी गेलात, मशीनवरून हात फिरवलात. मग म्हणालात, 'गाठोडं कुठं हाय?' मी कणीक मळत होते. मान वर न करता म्हटलं, 'अय्या, ते? मला वाटलं चिंध्या आहेत. बोहारीण आली होती, देऊन टाकलं.' तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. फळीवर नवा डबा चमकतोय. तुम्ही त्याच्याकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत. मी वाट बघत होते, आता काहीतरी बोलाल, निदान एक शब्द. मला भांडण हवं होतं, आई. भांडण झालं असतं तर मी त्या शाळेतल्या बाईंचं बोलणं तुमच्यावर ओतलं असतं, रडले असते, आणि कदाचित खरंही बोलले असते. तुम्ही म्हणालात, 'बरं.' आणि पाय धुवायला गेलात. मशीनवरच्या त्या फ्रॉकच्या तुकड्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही. गाठोड्यात नव्हता तो. मशीनवर होता, त्याला कच्चे टाके घातलेले होते, टाचण्या होत्या. चिंधी समजून देण्यासारखा तो नव्हताच, तरी तोही मी दिला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली आणि मी सवयीने हात पुसून तुमच्यापाशी आले. लाल उशी लेकीच्या मांडीवर होती. जीभ दातांत धरून ती दोरा ओवत होती आणि तुम्ही तिला सांगत होतात, टोक ओलं कर, चिमटीत धर. त्यानंतर तुम्ही मला सुई ओवायला कधीच सांगितलं नाहीत. एकदाही नाही, तुम्ही जाईपर्यंत. रागावला असतात, अबोला धरला असतात तर मी निभावून नेलं असतं. चहा देत होतात, माझ्या डोक्याला तेल लावत होतात, मी तापाने फणफणले तेव्हा रात्रभर उशाशी बसलात. फक्त ती उशी माझ्यापुढे आली नाही. तुमचं शिवणही हळूहळू बंद झालं. कोणी विचारलं की म्हणायचात, आता डोळ्याला दिसत नाय. फ्रॉक नाही, पिशव्या नाहीत, उलटवलेल्या कॉलरी नाहीत. मी लेकीला दुकानातून फ्रॉक आणायला लागले, तर कधी ढगळ, कधी काखेत काचणारे. ती ते घालायची आणि तुमच्याकडे बघायची.

हाताने तेवढी एक गोधडी चालू राहिली, थोडी थोडी, कित्येक वर्षं. जायच्या आदल्या हिवाळ्यात तुम्ही ती माझ्या हातात ठेवलीत. 'तुला घे. ऊब हाय चांगली. विरली की टाकू नको, उसव.' झालं. मला वाटलं, शेवटी बोललाच. एवढी वर्षं मनात धरून ठेवलेला टोमणा बाईंनी आज मारला. टाकू नको म्हणे. मी गोधडी प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि माळ्यावर टाकली. इकडे फ्लॅटमध्ये आलो तेव्हा ती तशीच माळ्यावरून माळ्यावर आली. तो डबाही आला. ज्वारीचं पीठ अजून त्यातच असतं, झाकण आता नीट लागत नाही.

आणि आज. सकाळी लेकीने आणि मी दोन बाजूंनी धावदोरे सोडवायला घेतले. वरचा थर तुमचं हिरवं लुगडं. त्याखाली माझी एक वॉयलची साडी, जी मी हरवली म्हणून शोधली होती. त्याच्या खाली लेकीचं दुपटं. आणि मग निळी चौकडी. मी हात मागे घेतला. लेकीने थर उचलून खिडकीपाशी धरला. लहानशा फ्रॉकचा पुढचा भाग, गळा काढलेला, काखा कापलेल्या, कच्चे टाके तसेच, आणि छातीच्या डाव्या बाजूला तो निळागर्द चौकोन. तुम्ही त्याला इतर थरांसारखं कापून-जोडून सपाट केलं नव्हतंत. जसाच्या तसा पसरून वर-खाली कापड लावलं होतं. लेकीने विचारलं, 'हे काय आहे गं?' आणि आई, मी काय म्हणाले असेन? 'काही नाही, असाच कुठला तरी तुकडा. चिंधी.' पंचवीस वर्षांनी माझ्या तोंडून तेच आलं.

लेक म्हणाली, 'आई, चिंधी काय? मी होते की तिथे.' मला कळेना ती काय बोलते आहे. म्हणाली, 'बुधवारच्या बाजारात. गंगेवर. आजी मला घेऊन गेली होती, तुला सांगितलं देवाला जातो म्हणून.' मग तिने सांगितलं ते असं. बुधवारच्या बाजारात जुन्या कपड्यांच्या ओळीत ती बोहारीण बसायची, तुम्ही तिला शोधून काढलंत. अख्ख्या पाठी, बाह्या केव्हाच गेल्या होत्या, चांगलं स्वच्छ कापड, कोण सोडतंय. हा एक तुकडा तेवढा कोणी घेतला नव्हता, कापलेला होता ना. तुम्ही तो मागितलात तेव्हा बोहारीण म्हणाली, 'मावशी, तुम्ही शिवता? तुमची सून तर म्हणाली घरात शिवणारं कोणी नाही आता.' लेक म्हणते, आजी म्हणाली, 'बरोबर बोलली ती. मला आता डोळ्यानं दिसत नाय. मीच सांगितलं व्हतं तिला, देऊन टाक म्हणून.' आणि अंगावरची शाल काढून तिच्यापुढे ठेवलीत. परत येताना लेकीला पेरू घेऊन दिलात आणि सांगितलंत, आईला नाय सांगायचं, तिला वाईट वाटंल.

ती शाल. मला आठवतंय, तुम्ही बिनशालीच्या घरी आलात आणि मी म्हटलं, 'अहो आई, शाल कुठे टाकलीत? नवी होती. लक्ष कुठे असतं तुमचं?' तुम्ही म्हणालात, 'राहिली कुठं तरी.' आणि मी संध्याकाळपर्यंत पुटपुटत होते. लेक पेरू खात बसली होती तुमच्या शेजारी. तुम्ही दोघी तिथे होतात, सगळं माहीत असून, आणि मी तुम्हालाच वस्तू सांभाळता येत नाहीत म्हणून ऐकवत होते. आज हे ऐकून मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. लाज वाटली, आई. फार लाज वाटली. तुमच्या डोळ्यांना दिसत होतं. एका बोहारणीसमोर सून खोटी पडू नये म्हणून तुम्ही म्हणालात दिसत नाही, आणि मग घरी येऊन ते खरं करून दाखवलंत, मशीनवर झाकण घातलंत. मी मात्र गोधडीला टोमणा समजले. तुम्ही वर्षानुवर्षं ती माझ्या समोर बसून शिवत होतात, काय शिवताय म्हणून मी एकदा जरी विचारलं असतं.

आता जॅकेट होणार आहे. मी हो म्हटलंय. लेकीचं म्हणणं, हा तुकडा पाठीवर बाहेरून लावायचा, सगळ्यांना दिसेल असा. तिने मघाशी सुई-दोरा पुढे केला आणि मी चष्मा कपाळावर चढवून ओवायला बसले. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा गेलं. ती म्हणाली, 'टोक ओलं कर, चिमटीत धर,' आणि तिचं तिलाच हसू आलं. ही पानं कुठे पाठवायची नाहीत हे मला कळतंय. तिच्या वहीत परत ठेवावीत की काय, ते अजून ठरत नाही.

एकच राहिलं. मेलेल्या माणसाचं कापड आणि शाळेतल्या बाईंचं बोलणं, ही दोन्ही कारणं मी इतकी वर्षं स्वतःला देत आले. खोटी नाहीत ती. पण तुम्ही वणीला गेलात त्या पहिल्या दुपारी, लेक जेवून झोपली होती, तेव्हा मी मशीनवरचा तो तुकडा उचलला आणि तिच्या अंगावर ठेवून बघितला. खांद्याला खांदा, काखेला काख, कुठे बोटभर कमी नाही की जास्त नाही. तुम्ही टेप कधी वापरली नाहीत, नुसत्या विती टाकायचात. तिची आई मी, आणि मला तिचं माप माहीत नव्हतं. फार गोड दिसली असती ती त्या फ्रॉकात, आई. म्हणून दिला मी तो.